आमच्या पिनबॉलचा जीर्णोद्धार

मला यंत्रातलं काहीही कळत नाही, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे धुळ्याच्या जत्रेत बंद पडलेलं पिनबॉलचं यंत्र एस.टी.च्या टपावर टाकून मी जळगावला आणलं, तेव्हा ते फक्त मलाच स्वस्त वाटलं.

यंत्र मात्र झकास होतं! थेट विलायतेहून आलेलं. तिरप्या काचेखाली खुंट्या, घंट्या, दिवे. लोखंडी गोळी घरंगळत खाली आली की बाजूचं बटण दाबायचं. मग दोन छोट्या फळ्या तिला टोला हाणून पुन्हा वर धाडतात. (म्हणजे धाडायला हव्यात. आमच्या फळ्या ढिम्म होत्या!) ते दुरुस्त करून ओट्यावर मांडायचं, गल्लीतल्या पोरांकडून खेळाचे पाच-पाच पैसे घ्यायचे आणि श्रीमंत व्हायचं, असा माझा बेत होता.

"अहो, पण दुरुस्तीला किती घालणार?" बायकोने विचारलं.

प्रश्न साधा नव्हता. घरात शिल्लक होती ती तिने शिवणयंत्रासाठी साठवलेली. दिवाळीला शिवणयंत्र यायचंच, असं ठरलं होतं.

"फार तर चौथाई!"

"आणि नाही भागलं तर?"

"तर यंत्र भंगारात!" मी बाणेदारपणे म्हणालो.

शिवाय समोरच्या किराणा दुकानाचे केसरीमलशेठ यांचाही सल्ला घेतला. "देखो मास्तर," शेठ म्हणाले, "धंद्यात जेवढी रक्कम डुबली तर झोप लागेल ना, तेवढीच लावायची."

माझी झोप मुळातच गाढ. हे शेठना माहीत नव्हतं.

चौथाई रक्कम नवी काच, पाय आणि रंगरंगोटी यांतच संपली. आता इतकं देखणं यंत्र भंगारात घालायचं? मग घातलेल्या पैशांचं काय? आणखी चौथाई घातली. दिवे लागले, घंट्या वाजल्या, फळ्या ढिम्म! इथवर येऊन थांबणं मूर्खपणाचं आहे, असं मी बायकोला समजावलं. तिने उरलेले पैसे आणून माझ्या हातावर ठेवले. मला खरंच वाईट वाटलं. पण फळ्यांबद्दल जास्त वाटत होतं.

मग एरंडोलहून सुकाभाऊंना बोलावलं. जळालेल्या मोटारी भरण्यात, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळण्यात, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी यंत्राच्या पोटात डोकं घातलं.

"मास्तर, आठे बठ्ठं जयेल शे!"

"जळालंय? मग जमेल का?"

"केयीना मळाले पानी देनारी मोटर मी भरस. हाई गोयी काय चीज शे!" केळीच्या मळ्याला पाणी देणाऱ्या मोटारी भरणाऱ्यापुढे ही गोळी ती काय!

फळ्यांना झटका देणाऱ्या गुंडाळ्यांतली तार दोऱ्याएवढी बारीक होती. सुकाभाऊंना ती बघवेना. त्यांनी पंपाची चांगली जाड तार भरली. मलाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला यंत्राची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ! गल्ली लोटली. पहिला मान आमच्या वडिलांचा. नानांनी मनोभावे हात जोडले, गोळी सोडली, ती खाली आल्यावर बटण दाबलं.

धाड!

गोळी काच फोडून बाहेर पडली, गल्ली ओलांडून गेली आणि केसरीमलशेठच्या दुकानातल्या तेलाच्या डब्यात घुसली. डब्यातून धार लागली.

"अरे, खेळणं म्हणालास ना?" नाना ओरडले. "ही तर तोफ आहे!"

"दखा! काय ताकद शे!" सुकाभाऊंची छाती फुगली.

"मास्तर! गोडेतेल! पूरा डबा!" शेठ दोन्ही हातांनी भोक दाबत होते.

गल्ली म्हणाली, "परत! परत!"

तेलाची भरपाई माझ्या पगारातून झाली. यंत्र विकायला काढलं, तेव्हा घ्यायला आला तो मला ते विकणारा धुळ्याचा जत्रावालाच. त्याला दुसऱ्या यंत्रासाठी सुटे भाग हवे होते. त्याने आत डोकावून कपाळाला हात लावला. "मास्तर, तुम्ही हात लावला नसता, तर दुप्पट दिले असते!"

त्या दिवसापासून माझा पगार थेट बायकोच्या हातात जाऊ लागला, आणि दिवाळीचं शिवणयंत्र होळीला का होईना, घरात आलं. तिने पहिला सदरा माझ्यासाठीच शिवला. माप अचूक, कॉलर ऐटदार! मी घालून आरशासमोर उभा राहिलो आणि छातीवर हात फिरवला.

"अगं, खिसा राहिला की!"

"राहिला नाही," ती दोरा तोडत म्हणाली, "तुम्हाला कशाला हवाय?"