चंदाच्या पेशी

पद्मिनी मॅडमना खोटं बोलता येत नसे. हा गुण म्हणायचा की रोग, ते अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढूनही मला कळलं नाही. मी त्यांच्या लॅबमधली टेक्निशियन, सुरेखा. मॅडम वर्ध्याच्या, मी अमरावतीची. लखनौत मराठीत भांडायला हक्काचं माणूस मिळालं, एवढंच आम्हा दोघींचं सुख. त्या तेलीबागेत एकट्या राहायच्या. डब्यात रोज पोळी आणि आलूची सब्जी. "अहो, जगात वांगीही असतात," मी म्हणायचे. "हाँ हाँ, असतील," म्हणून त्यांचं डोकं परत मायक्रोस्कोपवर.

त्यांचा विषय एका प्रथिनाचा. पेशीच्या अंगावर ते असतं, बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की आत पोचवतं. कॅन्सरमध्ये निरोप कोणी देत नाही, तरी हे आपलं ओरडतच राहतं, दारावरच्या बेलचं बटण रुतून बसावं तसं. ते बटण मोकळं कसं करायचं, हाच मॅडमचा ध्यास. त्यासाठी तोंडाच्या कॅन्सरच्या जिवंत पेशी हव्या होत्या, आणि त्या चंदाच्या मिळाल्या.

चंदा म्हणजे ईश्वर मेश्रामांची बायको. मेश्राम मूळ भंडाऱ्याचे, बख्शी का तालाबला एअर फोर्स स्टेशनात स्टोअरकीपर. चंदाला गावी असल्यापासून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची सवय, इथे गुटखा धरला. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा ईश्वरभाऊंच्या सहीने आमच्याकडे आला. फेब्रुवारी २००५ मध्ये ती गेली, चौतीस वर्षांची. कागदोपत्री त्या पेशींना नंबर होता, पण लॅबमध्ये सगळे चंदाच म्हणत. पेशींचं पाणी बदललं की आम्ही 'जेवण दिलं' म्हणतो. "चंदाला जेवण दिलं का?" हे मॅडमचं सकाळचं पहिलं वाक्य.

पुढच्या वर्षी स्मृतिदिनाला ईश्वरभाऊ दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. "जय भीम, ताई. ऐकलं की तिचं काहीतरी अजून जिवंत आहे. बघता येईल का?" दुसऱ्या कोणी त्यांना गेटवरूनच वाटेला लावलं असतं. मॅडमनी खुर्ची दिली, पेशींची डिश काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. ते कितीतरी वेळ बघत बसले. मग दर वर्षी त्याच दिवशी यायला लागले. मला राग यायचा. म्हटलं, "मॅडम, ह्याच पेशींनी तिला मारलं आणि हे त्यांचं दर्शन घेतात!" त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक आहे, सुरेखा. दुसरं काही उरलं नाही त्यांच्याकडे."

आता माझं ऐका. जून २००६. पेशींच्या जेवणात घालायचं, बाहेरून येणारं सीरम अडकलेलं, जेवणाच्या दोनच बाटल्या शिल्लक. नियम असा की प्रत्येक प्रकारच्या पेशींची बाटली वेगळी, एकीची दुसरीला लावायची नाही. आमच्याकडे हीला नावाच्या पेशीही होत्या. अमेरिकेतली एक बाई १९५१ साली वारली, तिच्या ह्या पेशी जगभर वाढतात. आणि अशा दांडग्या, की एखादी जरी दुसऱ्यांच्या डिशमध्ये गेली तरी सगळं घर बळकावते. मला हे पाठ होतं. तरी मी काटकसर केली. हीलाला जेवण दिलं आणि त्याच बाटलीतून चंदाला. वर शहाणपणाने वहीत लिहिलंही: 'एकच बाटली दोघींना. ९ जून.'

महिनाभरात रडतखडत वाढणारी चंदा भराभरा वाढायला लागली. मॅडम म्हणाल्या, "रुळली बघ पोरगी!" आम्ही मिठाई वाटली, हो! त्याच पेशींवर सहा वर्षं काम, २००९ मध्ये मोठा पेपर, मॅडमचं नाव झालं.

२०१२ मध्ये दुसरा पेपर पाठवला तर जर्नलने पेशींची डीएनए ओळख मागितली. अहवाल आला: निव्वळ हीला. चंदाचा मागमूस नाही. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या चंदाच्या जुन्या कुप्या काढल्या, त्यांतली एकही जगली नाही. मॅडमनी वह्या चाळल्या आणि ९ जूनवर बोट ठेवून थांबल्या. अक्षर माझं. मला वाटलं, आता मारतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "पुढे सहा वर्षं तपासलं नाही, ते मी." त्यांनी २००९ चा पेपर मागे घेतला. पत्रात लिहिलं, 'चूक माझी'. माझं नाव कुठेच नाही. प्रोजेक्ट बंद, प्रमोशन गेलं, कॉरिडॉरमध्ये लोक वाट बदलून जायला लागले.

फेब्रुवारी आला तशी मी हातापाया पडले. "जगाला सांगितलंत, बस झालं. ईश्वरभाऊंना नका सांगू. त्या माणसाला काय कळतंय कुठल्या पेशी ते? दाखवा डिश आणि पाठवा घरी."

"परक्या बाईला त्यांची बायको म्हणून दाखवू?"



ते आले, तोच शर्ट. मॅडमनी डिश काढली नाही. समोर बसून सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, एक अक्षर न गाळता. फक्त बाटली कोणाच्या हातात होती ते सोडून. ईश्वरभाऊ ऐकत राहिले. रडले नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच कोणाला... मग माझी चंदा केव्हा गेली, मॅडम?"

"२००६ च्या जूनमध्ये. त्या महिन्याभरात."

"तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "मी होते, भाऊ. जेवण मीच द्यायचे."

पुढचं ओठावर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"बरं झालं, ताई," ते म्हणाले. "हॉस्पिटलात ती गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. या वेळी आपलं माणूस तरी होतं."