थोरल्या साडूंचं ग्रामर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, कारण ती तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची आहे. माझ्या थोरल्या साडूंना इंग्रजीच्या परीक्षेत मी नापास केलं, आणि ते नापास नव्हते. बावीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतोय, तेव्हा जबाबदारीनं लिहितो: अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात इंग्रजी ग्रामर खरोखर कळलेला माणूस एकच आहे, आणि तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथ चालवतो.

साडूंचं शिक्षण दहावी, तेही इंग्रजीत दोनदा अडकून. त्याचा राग म्हणून की काय, नोकरीला लागल्यावर त्यांनी ग्रामरचं पुस्तक आणलं आणि बिघडलेला गिअरबॉक्स खोलावा तसं खोललं. एकेक पार्ट पुसून मांडला. त्यांच्या हिशेबी नाम म्हणजे जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला लोखंडाचा तुकडा, विशेषण म्हणजे जॉबचं फिनिशिंग आणि क्रियापद म्हणजे मोटार. "मोटार न्हाय तर नुसता डबाच की हो तो! वाक्य कसलं?" प्रश्नात 'डिड' आलं की पुढं क्रियापदाचं पहिलंच रूप का, हे मी वर्गात फळा भरून तीन दिवस समजावतो. पुतणीला त्यांनी ते जेवता जेवता सांगितलं. "डिडनं एकदा शिफ्ट संपल्याचं कार्ड पंच केलं न्हवं? मग क्रियापदानं परत कशाला पंच करायचं? डबल पंचिंग झालं की ऑफिसात बोलावत्यात." पोरगी जन्मात पुन्हा चुकली नाही. दुसऱ्या दिवशी मी हेच वर्गात सांगितलं, अर्थात स्वतःच्या नावावर.

घरात त्यांचा नियम असा की दुसरी भाकरी इंग्रजीत मागायची. पूर्ण वाक्यात, कर्त्यासकट. पोरं शिकली, पाव्हणेरावळे मात्र एका भाकरीवर उठू लागले. मेहुणीबाई एकदा वैतागून मला म्हणाल्या, "इंग्लिश ह्यांचं आन् उपास आमचा! परवा गवळ्याला सुद्धा 'हाऊ मच' इचारलं, तर त्यो घाबरून अर्धा लिटर जास्तच घालून गेला." सगळे मिळून नृसिंहवाडीला गेलो होतो तेव्हा दर्शनाच्या रांगेत साडूंनी माझ्या मुलाची शब्दयोगी अव्ययं घेतली. देव कुठं आहे? इन द टेंपल. चप्पल कुठं आहे? आउटसाइड द टेंपल. "आन् तुझं लक्ष?" मुलगा म्हणाला, "ऑन द चप्पल, काका." साडू एवढ्या मोठ्यानं हसले की पुढच्या चार बायकांनी वळून पाहिलं. त्याला तिथंच पेढा मिळाला, दर्शनाच्या आधी.

मग त्यांच्या कंपनीत सुपरवायझरची एक जागा निघाली, आणि नियम असा की त्याला मशीनचा रिपोर्ट इंग्रजीत लिहिता आला पाहिजे. लेखी परीक्षा, शंभरात चाळीसला पास आणि वय पंचेचाळीसच्या आत. साडूंना पंचेचाळिसावं चालू होतं, म्हणजे ही पहिली आणि शेवटचीच संधी. त्यांनी काय करावं? स्वतःचा अभ्यास सोडून जेवणाच्या सुट्टीत परीक्षेला बसणाऱ्या बाकीच्या पाचजणांना शिकवायला बसले. पत्र्याच्या शीटवर खडूनं लिहायचं आणि मशीन पुसायच्या सुती वेस्टनं पुसायचं. मी म्हटलं, "पावणं, हे पाचजण तुमच्याच जागेवर टपलेत." तर म्हणाले, "असूं द्या की. चांगला माणूस खुर्चीवर बसला तर मशीनचं भलंच हाय."

पेपर तपासायला कंपनीला बाहेरचा शिक्षक हवा होता. बोलावणं मला आलं. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. गठ्ठा हातात देताना ऑफिसातला क्लार्क हसत म्हणाला, "सर, तुमचं पावणं पण हायत न्हवं ह्यात? मग काय, त्यांना काळजीच न्हाय!"

त्याचं ते हसणं मी घरापर्यंत घेऊन आलो. बाकीच्या पाचजणांनी 'अ' आणि 'द' हे आर्टिकल गाळले होते. अर्थ लागतो म्हणून मी सोडून दिले. साडूंनीही गाळले होते, त्यांच्यापेक्षा कमीच. तिथं मी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला. लेथचा आवाज बदलला की आत काय बिघडलंय ते कसं ओळखायचं, यावर त्यांनी जे पानभर लिहिलं होतं तसं माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी लिहिलेलं नाही. त्यांना मी अडतीस दिले. पाचही जण पास झाले. मला प्रामाणिक दिसायचं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी साडू काकवीची बाटली घेऊन घरी आले. मला वाटलं, आता भांडतील. खुर्चीवर टेकत म्हणाले, "पावणं, पेपर तुमच्या हातात गेलता ते बरं झालं. दुसरा कोण असता तर मरस्तवर वाटलं असतं, मुद्दाम पाडलं म्हणून. आता चुकलं कुठं तेवढं दाखवा." आणि मी दाखवलं. अर्धा तास समोर बसून 'अ' आणि 'द' समजावून सांगितले. त्यांनी वहीत उतरवून घेतलं, तारीख घालून.

याला आता सहा वर्षं झाली. साडू त्याच लेथवर आहेत. त्यांच्याच पत्र्यावर शिकलेला एकजण त्यांचा सुपरवायझर आहे, आणि तो त्यांना अजून 'सर' म्हणतो. जेवणाच्या सुट्टीतला वर्गही चालू आहे. आता तिथं कबनूरहून येणाऱ्या ट्रेनी मुली बसतात. त्यांना ते बजावतात, "हितं आमचं पावणं सुद्धा मार्क सोडत न्हाईत, तर बाहेरचा काय सोडील?" लग्नाकार्यात माझ्या खांद्यावर हात टाकून ते अख्ख्या पंगतीला सांगतात, "ह्यांनी मला नापास केलंय, सख्ख्या साडूला! असला सरळ माणूस शोधून सापडायचा न्हाय." लोक कौतुकानं माझ्याकडे बघतात. मी आमटी ओरपत राहतो.

ती खुर्ची आता मला त्यांना देता येणार नाही. पण अशाच एखाद्या भरल्या पंगतीत उठून, ते पास होते, एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून बोललेलो नाही.