ऊन लागलं, असं मी म्हणालो

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही — म्हणजे हात जोडतो, पण विषय दुसराच काढतो. सगळ्यांच्या लेखी मी माझ्या भाऊजींचा जीव वाचवला. ताईचं कुंकू राखलं म्हणतात. ऐकायला किती बरं वाटतं, नाही?

माझा राग वाईट. आधी हात उठतो, मग डोकं चालतं. त्याला काय करायचं? काही नाही, हात आवरायचा. तो मी आवरला नाही.

ताईचे यजमान आणि मी मिळून कूलर दुरुस्तीचं काम करायचो. एप्रिल लागला की नागपूरच्या जरीपटका भागातल्या गच्च्यांवर आमचा मुक्काम — कूलरच्या चौकटीतला जुना वाळा काढायचा, नवा भरायचा, मोटार तपासायची. भाऊजींचा हात फार चांगला. बिघडलेली मोटार नुसती हात लावून ओळखायचे. त्या दुपारी मी वाळ्याची लोखंडी चौकट उलटी बसवली आणि पाणी सगळं बाहेर गळायला लागलं. चूक माझीच होती. आणि चूक माझी असली की माझा राग दुप्पट होतो.

"अबे, काय करून राहिला?" ते हसत म्हणाले. "तुह्या बापालेही हातचं काम धड जमलं नाही, म्हणून तर माग बंद पडला."

बाबांचा हातमाग. ज्याच्यावर बसून बसून बाबांचे डोळे गेले, तो माग. मी चौकट उपसून काढली आणि दोन्ही हातांनी फिरवली — जीव खाऊन फिरवली. ती त्यांच्या डाव्या कानाच्या वर बसली. आवाज कसा आला, ते मी सांगणार नाही. भाऊजी मटकन खाली बसले. मला आईवरून शिवी दिली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, चल, काम उरक. उठून मोटारही जोडली त्यांनी. रक्त फारसं नव्हतंच. मला वाटलं — सुटलो. अर्ध्या तासानं ते उभ्याउभ्या कोसळले.

सगळ्यांत आधी ओरडलं कोण? मीच. "ऊन लागलं! भाऊजीले ऊन लागलं!"

नागपुरात एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. घरमालकीण काकू कांदे घेऊन धावत वर आल्या. "तळपायाले चोळ बाबू, जोरानं चोळ!" मी कांदा फोडला, तळपाय चोळले. त्यांचा दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला — कानावरून, घट्ट. थंडाव्यासाठी? नाही. कानावर टेंगूळ यायला लागलं होतं. शुद्धीवर आणायचं म्हणून सगळ्यांसमोर त्यांच्या गालांवर थापडा मारल्या, "उठा भाऊजी, उठा" म्हणत. त्यातल्या दोन रागाच्या होत्या. बेशुद्ध माणसावर — अजून राग!

धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सरळ विचारलं, पडले का? डोक्याला मार लागला का? एक 'हो' पुरे होतं. मी म्हणालो, "नाही मॅडम, सकाळपासून उन्हात होते." ताई शेजारी उभी होती, तिच्यासमोर कसं बोलू, असं मनाला समजावलं. पण ती औषधं आणायला खाली गेली, तेव्हा? तेव्हाही गप्पच. त्यांनी ऊन लागल्याचे उपचार सुरू केले. मी मात्र दुपट्टा पुन्हा पुन्हा बर्फाच्या पाण्यात बुडवून तिथेच गुंडाळत राहिलो. नर्स म्हणाली, किती करता हो! संध्याकाळी तिलाच त्यांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली दिसली आणि धावपळ उडाली. स्कॅन, मग ऑपरेशन. टेंगूळ सापडलं, तेव्हा मी म्हणालो, "पडताना लागलं असेल." दुसरं खोटं सोपं गेलं.

मॅडम नंतर म्हणाल्या, दुपारीच कळलं असतं तर बहुतेक हात वाचला असता. उजवा हात. तो कायमचा लुळा पडला.

भाऊजींना त्या दुपारचं काही आठवत नाही. वर्षभर मी रोज त्यांच्याकडे जात होतो. ताई म्हणायची, भाऊ असावा तर असा. मी काय सेवेला जात होतो? त्यांचं तोंड न्याहाळायला जात होतो — काही आठवलं की काय.

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न ठरलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भाऊजींनी मला धरून व्याह्यांसमोर उभं केलं. "हा होता म्हणून मी जिता आहो," म्हणाले. मग डाव्या हातानं पेढा उचलला. पहिला पेढा पोरीला नाही, मला. त्या हाताला अजून नीट सवय नाही, चुरा माझ्या शर्टावर सांडला. ताई डोळे पुसत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला.