एका बाजूचं डांबर

मुकादम तसा खाऊन-पिऊन सुखी माणूस. रस्तेखात्यात टोळी सांभाळायची, महामार्गावरचे खड्डे बुजवायचे आणि संध्याकाळी बुटांना चिकटलेलं डांबर रॉकेलनं पुसून घरात शिरायचं. पुसलं नाही तर लेक दारातच अडवायची. घरात तिचाच दरारा, म्हणून बाप तिला फौजदार म्हणायचा. "फौजदार, आत येऊ का?" हे रोजचंच. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत पहिल्या पाळीला होती आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत स्कूटरवरून महामार्गानंच निघायची. एकुलती एक पोर. त्या नवरा-बायकोला तिच्यापलीकडे जगच नव्हतं.

आता या महामार्गाची तऱ्हा ऐका. रस्ता साऱ्या देशाचा, दुरुस्ती मात्र ज्या त्या प्रांतानं करायची आणि त्याचा पैसा राजधानीतून सगळ्या प्रांतांना वाटून यायचा. वाटा कसा ठरायचा? ज्याचा रस्ता जास्त खराब, त्याला जास्त. ऐकायला किती न्यायाचं! ज्यानं हा नियम लिहिला तो सज्जनच असणार, फक्त त्यानं सरकारी कचेरी कधी आतून पाहिलेली नसणार. शेजारच्या प्रांतानं एकदा पदरमोड करून आपला रस्ता गुळगुळीत केला, आणि पुढच्या वाटपात त्यांचा वाटा निम्म्यावर आला. बाकीच्या प्रांतांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं.

वर्षातून एकदा राजधानीहून मोजणीची गाडी यायची. चाकांना बसणारे हादरे तिच्यातलं यंत्र टिपायचं, आणि जितके हादरे जास्त तितका वाटा मोठा. ती येऊन जाईपर्यंत खड्ड्याला हात लावायचा नाही, असा कचेरीचा तोंडी हुकूम होता. याला कचेरीत म्हणायचे रस्ता उपाशी ठेवणं. आवारात डांबराची पिंपं, शेजारी खडीचा ढीग, रोलर उभा, टोळी पत्ते कुटतेय आणि समोरून लोक आदळत-आपटत चाललेत! मुकादमाला त्याची लाज वाटायची. पण "वाटा घटला तर पहिली तुमची टोळी घरी बसेल," असं साहेबांनी एकदा ऐकवलं होतं, आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं होती. तो मूग गिळून गप्प बसायचा.

त्या वर्षी गाडी लांबली. वाटपावरून राजधानीत प्रांताप्रांतांची जुंपली होती म्हणे. आज येईल, उद्या येईल करता करता पेट्रोल पंपापुढच्या वळणावर रस्त्याची पार चाळण झाली. आणि एके सकाळी फौजदार कोपर सोलवटून, तुटकी चप्पल हातात घेऊन घरी परत आली.

"बाबा, तुमच्या खात्याला काही लाजलज्जा?"

"अगं, गाडी आली की लगेच..."

"जळली मेली तुमची गाडी!" आई आतून हळद घेऊन धावत आली. "जगाचे खड्डे बुजवता आणि पोटच्या पोरीच्या वाटेतले दिसत नाहीत होय?"

बायकोचं बोलणं मुकादमाच्या जिव्हारी लागलं. दिवसभर डोकं खाजवल्यावर त्याला एक युक्ती सुचली. मोजणीची गाडी राजधानीकडून यायची आणि परत जायची ती दुसऱ्याच रस्त्यानं. म्हणजे मोजली जायची ती फक्त येणारी बाजू. लेकीचा दवाखाना राजधानीच्या दिशेला, म्हणजे सकाळी अंधारात, घाईत ती जायची ती जाणाऱ्या बाजूनं! तो धावतच साहेबांकडे गेला. साहेब वयानं लहान, मनानं चांगले, पण बदलीला घाबरून असलेले.

"साहेब, जाणारी बाजू मोजतच नाहीत. तेवढी वळणावरची करू द्या."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मी काहीच ऐकलं नाही, मुकादम."

एवढं पुरे होतं. खड्ड्यांच्या कडा चौकोनी कापल्या, आतली माती झाडून काढली, थर दाबून बसवले. असं काम त्यानं मंत्र्यासाठीसुद्धा केलं नव्हतं. संध्याकाळी तो मिशीला पीळ देत घरी आला.

"फौजदार, उद्यापासून डोळे मिटून जा."

"डोळे मिटून स्कूटर चालवते का मी? आणि येताना काय?"

"येताना उजेड असतो. हळू ये की, बयो."

ती हसली, आणि त्या दिवशी त्याचे बूट न तपासताच तिनं त्याला आत घेतलं.

जन्म रस्त्यावर काढलेल्या माणसाला कळायला नको होतं? दोन्ही बाजू खराब असल्या की सगळेच जीव मुठीत धरून हळू चालतात. एकच बाजू चांगली केली की समोरून येणाराही तीच धरतो. आणि ते वळण होतं. समोरचं दिसायचं नाही. पण मुकादमाला त्या बाजूवर आपली लेक तेवढी दिसत होती, दुसरं कुणी दिसलंच नाही.

आठवडाही धड गेला नाही. सिमेंटनं भरलेला ट्रक येणाऱ्या बाजूचे खड्डे चुकवत जाणाऱ्या बाजूवर आला, आणि वळणावर ती समोर होती. जागच्या जागी गेली. ट्रकवाला पोलिसांपुढे रडत एकच सांगत होता, "तिकडं खड्डे होते हो, म्हणून मी चांगल्या बाजूला घेतला." मुकादम पोचला तेव्हा त्याची टोळी आधीच तिथं होती. त्यातल्या एकानंही त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायको सांगायची, "ह्यांनी पोरीसाठी रस्ता केला होता हो. तरी तिचं नशीब." मुकादम फरशीकडे बघत बसायचा. बायको त्यालाच धीर देत होती.

मोजणीची गाडी उशिरा का होईना, येऊन गेली. वाटप झालं. मग साहेब भेटायला आले. खुर्चीच्या काठावर बसले, चहाला हात लावला नाही. काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हणाले, "वहिनी, जिथं माणूस दगावतं त्या जागेचा वाटपात वेगळा विचार होतो. यंदा आपल्या प्रांताचा वाटा वाढलाय. ते वळण आता दोन्ही बाजूंनी नवं होईल."

"दोन्ही बाजूंनी?" बायकोनं विचारलं. "मग ह्यांनी केलं ते?"

साहेबांना वाटलं, तिला सगळं ठाऊक असणार. "ती एकच बाजू होती ना. दुसरी मोजणीत येते. ती बुजवली असती तर वाटा घटला असता." पुढचं त्यांनी गिळलं, पण उशीर झाला होता.

ती नवऱ्याकडे वळली. "तो ट्रक तुम्ही केलेल्या बाजूवर आला होता?"

"हो."

"दुसरी खराब होती म्हणून?"

"हो."

"पुरता करायचा नव्हता, तर हात कशाला लावलात?"

 टोळीची पोटं, साहेबांचा धाक, प्रांताचा वाटा, मुकादमाकडे कारणं होती आणि सगळी खरी होती.  बायको उठली, लेकीच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.