मंजूचा आहेर

नव्या पेठेत गुरुशांतअप्पांचं आहेराच्या कापडाचं दुकान आहे. लग्न असो, वास्तुशांत असो, बारसं असो, चार पाहुणे जमले की त्यांना द्यायचं कापड इथं मिळतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की अप्पा 'या-बसा' म्हणत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाप्ये किती, बाया किती?" आकडा कळला की उजवीकडून टॉवेल-टोप्या, डावीकडून साड्या आणि ब्लाउजपीस. गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत गठ्ठा बांधून तयार. जगातली सगळी माणसं या दोन ढिगांत बसतात, यावर अप्पांची भारी श्रद्धा होती. तिला धक्का दिला तो घरच्याच माणसानं.

अप्पांची बहीण शिवबाई कुंभारीला दिलेली; पोरं तिला अव्वा म्हणत. तिच्या थोरल्या लेकीचं, चंद्रिकाचं, लग्न ठरलं होतं. तिच्या पाठचं मंजू. पाळण्यातलं नाव मंजुनाथ, पण कागदावर सोडलं तर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. कॉलेजात शिकणारं हे लेकरू एका दुपारी दुकानात येऊन गादीवर बसलं आणि बराच वेळ टॉवेलाच्या दशा विंचरत राहिलं.

"मामा, एक सांगायचंय. अव्वाला सांगितलंय. ती आधी रडली, मग म्हणाली, मामाच्या कानावर घाल."

"नापास का?"

"नाही."

"कुनाची पोरगी पळवायची हाय?"

"नाही हो!"

मग मंजूनं सांगितलं. आपण मुलगा आहोत असं आतून कधी वाटलंच नाही. मुलगी आहोत असंही नाही. लोक रेघ मारून एका बाजूला उभं करतात तेव्हा जीव गुदमरतो. अशा माणसांना नॉन-बायनरी म्हणतात, आणि अशी पुष्कळ माणसं आहेत.

अप्पांनी पंख्याकडं बघितलं. "डाक्टरला दावलं का?"

"आजार नाही मामा हा."

"मग झोप लागती का तुला?"

"तुम्हाला सांगून झालं. आज लागेल."

अप्पांनी उजवीकडचा ढीग बघितला, डावीकडचा बघितला, आणि खरी अडचण त्यांच्या ध्यानात आली.

"मग तुला आहेर काय करायचा रे देवा?"

मंजू आलं होतं ते त्यासाठीच. लग्नात मामाच्या आहेराला मोठा मान. अक्षता पडल्या की माइकवर एकेकाचं नाव पुकारतात आणि मामा बहिणीच्या घरातल्या बाप्यांना भर मांडवात टोपी घालतो, बायांच्या हातात साडी देतो.

"सगळ्या गावासमोर टोपी घातली की मी पुन्हा मंजुनाथच," मंजू म्हणालं. "ताईच्या लग्नात मला असायचंय मामा. पण तसं होणार असेल तर मी येणार नाही."

"साडी देऊ?"

"नको."

"दोनी देऊ?"

"मी काय दोन माणसं आहे?"

"मग काईच देऊ नगं?" असं म्हणून अप्पा स्वतःच दचकले. बहिणीच्या लेकराला मामानं रिकाम्या हातानं ठेवलं, ही गोष्ट कुंभारीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असती. पाकीट द्यावं, तर पाकीट फोटोवाल्याला देतात.

अप्पांना घोर लागला. गिऱ्हाइकाला नेहमीचा प्रश्न विचारताना जीभ अडखळू लागली. शिवबाईनं नवऱ्याला, ईरप्पांना, मंजूचं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि आचाऱ्याकडं जाऊन किती तरी वेळ रिकाम्या कढईकडं बघत बसले. शेवटी अप्पांना तोड सुचली ती जेवून आडवं होताना, पायावर पांघरूण ओढता ओढता. चादर! आजवर इतक्या सोलापुरी चादरी विकल्या, पण ही बाप्यासाठी की बाईसाठी, असं त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांनी लगेच फोन लावला. "ये लग्नाला. टोपी न्हाय. मामाचा शबुद हाय."

मंजू आलं. माइक होता नावं पुकारायला बोलावलेल्या मोहोळच्या शहाजीकडं. त्याच्या आवाजाला माइकची गरज नव्हती, पण सोडायला तो तयार नव्हता. "मामाचा आहेर! ईरप्पा, टावेल-टोपी! थोरले चुलते, टावेल-टोपी! धाकटे चुलते, टावेल-टोपी!" अप्पांचा हात चालू लागला, आणि एकदा चालू लागलेला त्यांचा हात डोक्याचं ऐकत नसे.

"नवरीचा भाऊ मंजुनाथ! टावेल-टोपी!"

चादर राहिली पिशवीत. सवयीचा हात टोपी घेऊन मंजूच्या डोक्यावर गेलासुद्धा.

मंजूनं डोळे मिटले. ते बघून अप्पांचा हात टोपीसकट वरच थांबला. टोपी खाली ठेवावी तर भर मांडवात मान मोडतो, घालावी तर शब्द मोडतो. अप्पांनी ती टोपी स्वतःच्याच डोक्यावर घातली, आधीच्या टोपीवर.

मांडव खदाखदा हसला. अप्पांनी हसू दिलं. पिशवीतून मोराची चादर काढून त्यांनी मंजूच्या खांद्यावर पांघरली.

"ओ, टावेल-टोपी न्हाय का?" शहाजीनं माइकवरच विचारलं. "मग काय म्हनू?"

"म्हन, मामाचा आहेर, मंजूला चादर."

"मंजुनाथला?"

"मंजूला."

मंजूनं डोळे उघडले. दोन टोप्या घातलेला मामा बघून आधी हसू फुटलं, मग रडू. धाकटे चुलते मात्र उसळले. "आमी काय पाप केलंय? आमालाच टावेल का? आमाला बी चादर पायजे की!" ऊन मी म्हणत होतं, मांडवात माणसं घामानं निथळत होती, पण पंगत उठेपर्यंत मंजूनं ती चादर काढली नाही.

पुढं महिन्याभरात बजाबाई नावाची एक म्हातारी नातीच्या लग्नाचा आहेर न्यायला दुकानात आली.

"बाप्ये किती, बाया किती?" अप्पांनी विचारलं. मग जरा थांबून, "आन चादरी किती?"

"चादरी कुनाला?"

अप्पांनी आवाज खाली आणला नाही. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं होती, तरी ते सरळ म्हणाले, "जे बाप्यात बी न्हाय आन बायात बी न्हाय, त्यांना. आमच्यात एक हाय. माज्या बहिनीचं लेकरू. लई गुनाचं हाय."

बजाबाईनं हातातला चहा खाली ठेवला. पायरीबाहेर तिच्यासोबत आलेलं एक पोर चपला घालूनच उभं होतं, आत यायला तयार नव्हतं. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं.

"एक टाका," ती म्हणाली. "चांगली बघून टाका."