रविवारची गाडी

वाशिंदला आमच्या शेजारचे काका आपली जुनी, आलिशान गाडी फक्त रविवारी बाहेर काढत. कुणी दार जरा जोरात लावलं, तरी "हळू रे!" म्हणून ओरडत. गाडी फारशी चालली नव्हती, म्हणून ती अजून नवीच आहे, असं त्यांना वाटायचं.

एकदा मला शेजारी बसवून माळशेज घाट उतरताना त्यांचा पाय ब्रेकवर पार तळाला गेला.

"ब्रेक लागत नाय," ते पुटपुटले.

माझ्या बाजूला दरी होती. काकांनी गाडी आपल्या बाजूने डोंगराला घासत नेली. पत्रा करकरला, आरसा तुटला. गाडी थांबली तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या छातीवर आडवा होता.

"लागलं नाय ना रे तुला?"

मी मानेनेच नाही म्हटलं, तरी त्यांनी हात काढला नाही.