माहेरच्या कोंबड्या

कोंबडीच्या डोक्यावर आहे ते कुंकू की रक्त, हे मला आधी कळेचना. दोन्ही होतं. पिसं उपटलेली, तुरा फाटलेला, आणि मधोमध ओलं लाल. टोपलीत आणखी दोघी होत्या, त्यांचीही तीच गत.

"हे कुंकू कोणी लावलं?"

"मीच, डॉक्टरबाई," सिंधूबाई म्हणाल्या. "नव्या आल्या ना घरात. हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग सोडल्या अंगणात."

मी जनावरांची डॉक्टर. क्लिनिक सुरतेत, डिंडोलीच्या खानदेशी वस्तीत, त्यामुळे निम्मे क्लायंट खानदेशातले. सिंधूबाई धुळ्याकडच्या, नवरा जवळच कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. मागच्या अंगणात त्यांच्या जुन्या पाच-सहा गावरान कोंबड्या होत्या. त्यांनीच या पाहुण्यांचा हा समाचार घेतला होता.

"अहो, नव्या कोंबड्या अशा एकदम सोडतं का कोणी? त्यात डोक्यावर लाल रंग!" माझा आवाज चढला. लाल ठिपका दिसला की कोंबडी टोचणारच. एकीने टोचलं की बाकीच्या धावतात, आणि खरं रक्त निघालं की मग जीव जाईपर्यंत थांबत नाहीत. "बाजारात मिळतात कोंबड्या. एवढा घोर कशाला लावून घेता?"

त्यांचा चेहराच पडला. "मन्ही मायन्या कोंबड्या शेतस त्या," त्या घरच्या बोलीत म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. आई नुकतीच गेली होती. भाऊ कोंबड्या विकून टाकणार होता. यांनी त्या मांडीवर घेऊन एस.टी.ने सुरतेला आणल्या. "माहेरून दुसरं काही आणलं नाही मी. एकही मरायला नको, डॉक्टरबाई."

मी कामाला लागले. कुंकू धुतलं, जखमा साफ केल्या, वर जांभळं औषध लावलं. त्याने जखम भरते आणि लाल रंगही झाकतो. मग बजावलं, की जखमा पूर्ण भरेपर्यंत या तिघी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या. एखादा रोग आला असेल तर तोही कळतो. त्यानंतर मध्ये जाळी लावून शेजारीशेजारी ठेवायच्या. दिसू देत, पण टोचता येऊ नये.

"जाळी कशाला विकत आणू? नेट आहे ना घरात."

साड्यांची सुरतच ही! पुढे मी त्यांच्याकडे गेले तर लाकडी चौकटीला साडीचं मेंदी रंगाचं नेट ताणून ठोकलेलं. अलीकडे जुन्या, पलीकडे माहेरच्या, आणि दोन्हीकडे दाणे नेटला लागूनच टाकलेले. पहिल्यांदा जुन्यांची पुढारीण, ठकी, नेटवर झेपा घालत होती. पुढच्या खेपेला पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या कोंबड्या नेटशी डोकी खाली घालून मुकाट खात होत्या.

"काढा आता नेट," मी म्हटलं. डोक्यावरच्या जखमा भरल्या होत्या, नवी पिसं फुटत होती.

नेट निघालं. ठकी मान ताणून सरळ आली ती नव्यांतल्या सगळ्यात जखमी झालेल्या तांबडीपुढे उभी राहिली. टचकन एक टोच मारली. सिंधूबाई किंचाळून पुढे धावल्या. मी त्यांचा दंड धरला.

"सोडा ना! मारील ती!"

"थांबा. आता उचललीत तर जन्मभर उचलत बसाल."

तांबडीने मान खाली घातली आणि दोन पावलं बाजूला झाली. ठकी वळली आणि दाणे टिपू लागली. संपलं! मग दुसरी जुनी आली, तिलाही तांबडी वाट देऊन मोकळी. तिसरी आली तेव्हा मात्र हिने मान वर केली, छाती काढली, आणि ती तिसरीच मागे सरली. आमच्या धंद्यात याला पेकिंग ऑर्डर म्हणतात. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी कोणापुढे वाकायचं, याचा क्रम. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. ना आरडाओरडा, ना रक्त. बोटभर मेंदूच्या त्या जिवांनी माझ्यासमोर अख्खं घर लावून घेतलं, आणि कोण कुठली हे त्या बहुतेक पुन्हा विसरणारही नव्हत्या.

ऊन उतरलं तशा सगळ्या खुराड्यात शिरल्या आणि दांडीवर चढल्या. माहेरच्या दोघी टोकाला जागा करून बसल्या. तांबडी खालीच. तिने वर पाहिलं, उडी मारली आणि नेमकी ठकीच्या शेजारी जाऊन आदळली. ठकीने तिच्याकडे एकदा पाहिलं, अंग फुलवलं आणि जराशी सरकली.

"नांदली गं माय!" सिंधूबाई हुंदका देत म्हणाल्या. डॉक्टर असून माझेही डोळे भरले. काय लपवायचं?

हल्ली कोणी नव्या कोंबड्या आणल्या म्हणून आलं, की मी क्वारंटाइन सांगते, नेट सांगते, ते सगळे नीट करतात. पहिली टोच बसताना मध्ये पडू नका, हेही सांगते. ते कोणालाच जमत नाही. म्हणून त्या दिवशी मी स्वतः जाते, दंड धरायला.